पार्व्होनं कुत्रा गेला. वाड्यावरची दोन पिल्लं घरी कधी आणायची?

चिंचेचा_मळा · २१ नोव्हेंबर

आमचा बंड्या १२ तारखेला गेला. गावठी, दीड वर्षाचा. लहानपणी एकच लस झाली होती, पुढच्या राहून गेल्या. डॉक्टरांनी किटवर तपासून पार्व्होच सांगितला, म्हणजे कुत्र्यांचा उलट्या-जुलाबाचा विषाणूचा आजार. घर मळ्यात आहे, जुन्नर तालुका. आजारपणात तो ओसरीत, चिंचेखाली आणि गोठ्याच्या कोपऱ्यात पडून असायचा, उलट्या-जुलाब सगळे तिथेच झाले. ओसरीला शेणाचं सारवण आहे, गोठ्यात कोबा. बांधाला खड्डा घेऊन पुरला आहे.

सासूबाई अजून संध्याकाळी भाकरीचा चतकोर बाजूला काढतात. घर सुनं झालंय, म्हणून ओळखीच्या धनगर दादांनी वाड्यावरची दोन पिल्लं देऊ केली आहेत. २५ ऑक्टोबरचा जन्म, एक नर, एक मादी. ते पुढच्या महिन्यात मेंढरं घेऊन खाली उतरणार, त्याआधी न्या म्हणतात.

जागा फिनेलनं दोनदा धुतली आहे. एवढं पुरेल का? पिल्लं कधी आणावीत? घरात मांजर, दोन गाई, शेळ्या आणि कोंबड्या आहेत, त्यांना धोका आहे का? आणि दोन एकदम आणावीत की एकच?

---

गोठा_ते_दवाखाना

ताई, बंड्याचं वाईट वाटलं. आधी सर्वात महत्त्वाचं: पिल्लं आत्ता घरी आणू नका. फिनेलनं पार्व्हो मरत नाही. काही विषाणूंना वरून स्निग्ध आवरण असतं, ते फुटलं की विषाणू संपतो. पार्व्होला ते आवरणच नाही, त्यामुळे फिनेल, साबण, स्पिरिट यांचा त्याच्यावर भरवसा धरता येत नाही. फिनेल मांजराला विषारीही आहे. पायाला लागलेलं ते चाटतं, तेव्हा तेही बंद करा.

चालतं ते क्लोरीन. ग्रामपंचायत विहिरीत टाकते ती टीसीएल (ब्लीचिंग) पावडर तुम्हाला गावातच मिळेल. ताजी पावडर १० लिटर पाण्याला ६० ग्रॅम. पोतं उघडून बरेच दिवस झाले असतील, पावडर ओलसर होऊन वास कमी झाला असेल, तर तिच्यातला क्लोरीन उडालेला असतो. ती घेऊच नका. प्लास्टिकच्या बादलीत थोड्या पाण्यात आधी पेस्ट करा, मग पाणी वाढवा, अर्धा तास निवळू द्या आणि वरचं पाणी वापरा. त्याच दिवशी संपवायचं, उद्यासाठी ठेवायचं नाही.

चूक होते ती पुढे. लोक घाणीवरच हे पाणी ओततात. शेण, माती, विष्ठा यांच्यात क्लोरीन खर्ची पडतो आणि विषाणूपर्यंत पोचतच नाही. म्हणून गोठ्याचा कोबा आधी खराट्यानं खरवडा, धुण्याच्या पावडरीनं घासा, भरपूर पाण्यानं स्वच्छ करा, गोमूत्र साचू देऊ नका. त्यानंतर क्लोरीनचं पाणी ओता आणि जमीन पूर्ण १० मिनिटं ओली राहिली पाहिजे. वाळायला लागली तर पुन्हा ओता. मग धुऊन टाका. कोब्याच्या भेगा आणि गव्हाणीच्या पायाशी असलेली फट विसरू नका. त्या वेळी गाई बाहेर बांधा, दारं उघडी ठेवा, हातमोजे घाला. फिनेल किंवा संडासचं ॲसिड यात कधीही मिसळू नका, ॲसिडबरोबर विषारी वायू सुटतो.

ओसरीला हा उपाय लागू नाही. सारवण म्हणजे शेण-मातीच, तिथे क्लोरीन टिकत नाही. वरचा दोन-तीन इंच थर कुदळीनं काढा. तो उकिरड्यावर टाकू नका, कुत्री आणि कोंबड्या तिथेच उकरतात. बंड्याला पुरलं त्याच्या शेजारी खड्डा घेऊन गाडा. नवी माती भरून चोपा, चार दिवस कडक ऊन लागू द्या, मग सारवा. एवढं करूनही ओसरी शंभर टक्के शुद्ध झाली असं समजू नका.

चिंचेखालची माती सर्वात वाईट. सावली आणि ओलावा म्हणजे विषाणूला सोयीचं. अंगणासाठी ठोकताळा असा: चांगलं ऊन लागणारी जागा ५ महिने, सावलीची ७ महिने. तुमच्या हिशेबानं उन्हातलं अंगण १२ एप्रिलपर्यंत, चिंचेखालची जागा १२ जूनपर्यंत. तोवर लस पूर्ण न झालेलं पिल्लू तिथे नको.

गाई, शेळ्या, कोंबड्या, माणसं यांना हा आजार होत नाही. पण खुरांना, चपलांना, खराट्याला लागून माती फिरते. मांजराचं मात्र बघा, आत्ताचे पार्व्होचे प्रकार मांजरालाही लागू शकतात. त्याची लस झाली नसेल तर करून घ्या.

गोणपाट, गादी, लाकडी पाट जाळा. स्टीलची थाळी घासून उकळा. साखळी क्लोरीनमध्ये १० मिनिटं बुडवून लगेच धुवा, नाहीतर गंजते.

---

शीतपेटी

वरच्या सगळ्याला दुजोरा. लसीबद्दल लिहितो, कारण "एकच लस झाली होती" यातच गफलत आहे आणि ती घरोघरी होते.

पिल्लाला आईच्या चिकातून संरक्षण मिळतं. ते हळूहळू उतरतं. उतरताना मध्ये काही आठवडे असे येतात की, आईकडचं संरक्षण आजार थोपवायला अपुरं असतं, पण टोचलेली लस निकामी करायला पुरेसं असतं. हा काळ प्रत्येक पिल्लाचा वेगळा, एका वेतातल्या दोन पिल्लांचासुद्धा. म्हणून एका डोसवर भागत नाही. सहाव्या ते आठव्या आठवड्यात सुरू करून ३ ते ४ आठवड्यांनी, १६ आठवडे पूर्ण होईपर्यंत देत राहायचं. शेवटचा डोस १६ व्या आठवड्याचा असलाच पाहिजे, आधीचे कितीही झाले असले तरी.

तुमच्या पिल्लांच्या तारखा काढल्या आहेत. ६ डिसेंबर म्हणजे ६ आठवडे, पहिला डोस. २७ डिसेंबर दुसरा. १७ जानेवारी तिसरा, तेव्हा १२ आठवडे होतात, रेबीजचीही डॉक्टरांना विचारून त्याच सुमारास. १४ फेब्रुवारी म्हणजे १६ आठवडे, चौथा. त्यानंतर दोन आठवडे धरा, २८ फेब्रुवारी, मगच पिल्लं मळ्यात आणा. पुढे वर्षभरानं बूस्टर, रेबीज दरवर्षी.

लस २ ते ८ अंशांत राहिली पाहिजे. दुकानाचा फ्रिज लोडशेडिंगमध्ये तासन्‌तास बंद असतो, ते विचारून घ्या. थर्मासमध्ये बर्फ घालून न्यायची, पण कुपी बर्फाला थेट चिकटू द्यायची नाही, मध्ये कापड ठेवा. गोठलेली लसही बाद. पावडर आणि द्रावण मिसळलं की लगेच टोचायची. एक बाटली दोन पिल्लांत वाटून देऊ नका, ही काटकसर जिवावर बेतते.

जंतांचं औषध लसीच्या आधीपासून. उद्या पिल्लं ४ आठवड्यांची होतात. दादांना सांगून उद्याच द्या, मग ६ आणि २० डिसेंबरला, पुढे सहा महिन्यांची होईपर्यंत दर महिन्याला. मात्रा वजनावर ठरते, म्हणून अंदाजानं गोळी मोडू नका. टोपलीत घालून वजनकाट्यावर ठेवा आणि टोपलीचं वजन वजा करा. आणि गोचिडासाठी गाईचं इंजेक्शन किंवा गाईवर मारायचं औषध पिल्लांना अजिबात नको. त्यातली काही मांजरालाही घातक असतात.

---

चिंचेचा_मळा

खूप आभार. टीसीएल ग्रामपंचायतीत मिळाली, परवापासून कोबा घेते. दादा २० डिसेंबरपर्यंत थांबतो म्हणाले, त्यापुढे नाही. २८ फेब्रुवारीपर्यंत पिल्लं ठेवायची कुठे? नणंद नारायणगावला राहते, घराला फरशी आहे, अंगण बंदिस्त, कुत्रं कधीच नव्हतं.

---

गोठा_ते_दवाखाना

मग नणंदेकडेच ठेवा, ताई. पिल्लं २० डिसेंबरला ८ आठवड्यांची होतात, आईपासून तोडायला हाच काळ योग्य. त्याआधी तोडलेली पिल्लं चावण्याची मर्यादा शिकत नाहीत आणि पोटालाही नाजूक राहतात.

तिथे जाताना बंड्याच्या आजारपणातल्या चपला नकोत. वेगळी जोडी नणंदेच्या दारातच ठेवा. आंघोळ करून, धुतलेले कपडे घालून जा. पण जात जरूर राहा, आठवड्यातून दोन-तीनदा, आणि सासूबाईंनाही न्या. तिसऱ्या ते चौदाव्या आठवड्यात पिल्लू माणसं, आवाज, वास ओळखीचे करून घेतं. हा काळ तुमच्याशिवाय गेला तर फेब्रुवारीत ती तुम्हाला परकं मानतील. ट्रॅक्टरचा, मोटारसायकलचा आवाज, शेळीचा वास, कोंबडी, सगळं दुरून आणि थोडं थोडं. रस्त्यावरच्या कुत्र्यांजवळ मात्र नाही.

खाणं तीन महिन्यांपर्यंत दिवसातून चार वेळा, सहा महिन्यांपर्यंत तीन वेळा. नुसतं दूध-भाकरी देऊन वाढ खुंटते. मऊ भात, उकडलेलं अंडं, थोडं दही, बिनमसाल्याचं उकडलेलं चिकन, हाडं काढून. कांदा-लसूण घातलेला रस्सा नको. गाईच्या दुधानं कित्येक पिल्लांना जुलाब होतात आणि मग घाबरगुंडी उडते. दादांकडे जे खात होती तेच पहिले दोन दिवस द्या, नवं आठवडाभरात हळूहळू मिसळा.

लक्षण काय, ते नणंदेला नीट सांगून ठेवा: पिल्लू एक वेळ जेवलं नाही आणि कोपऱ्यात पडून राहिलं, मग उलटी, मग घाणेरड्या वासाचा, रक्ताचा जुलाब. जेवण टाकलं आणि उलटी झाली, एवढ्यावरच गाडी काढायची. जुलाबाची वाट बघण्यात जो दिवस जातो, त्यातच शरीरातलं पाणी आटतं. सलाइन लवकर लागलं तर पुष्कळ पिल्लं वाचतात. माणसाच्या जुलाबाच्या किंवा तापाच्या गोळ्या देऊ नका.

---

उसाच्या_कडेला

तुमचा भाग बिबट्याचा. त्याविषयी कुणी लिहिलं नाही, म्हणून लिहितो. पिल्लं मळ्यात येतील तेव्हा ऊस तोडला जात असेल, बिबट्याचा आडोसा मोडत असेल. रात्री साखळीला बांधलेलं कुत्रं पळू शकत नाही, ते सर्वात आधी जातं. ओसरीतही बांधू नका.

घराच्या भिंतीला लागून ६ फूट बाय ४ फूट पिंजरा करा. तळाला शहाबादी किंवा सिमेंट, म्हणजे पुढे धुताही येतो. चारही बाजूंना आणि वरूनही जाड वेल्डमेश. छप्पर नसेल तर त्याचा उपयोग नाही, बिबट्या वरून उतरतो. कोंबड्यांची पातळ जाळी चालत नाही, ती पंजानं फाटते. दाराला बाहेरून सरकती कडी आणि खाली दगडी उंबरा. दिवे लागायच्या आत कुत्री आत. खिळ्यांचा पट्टा धनगर वापरतात, तो मानेचा घास चुकवायला आहे. त्याच्या भरवशावर कुत्रं बाहेर ठेवायचं नसतं. वाढत्या पिल्लाला तर दर पंधरवड्याला पट्ट्यात दोन बोटं जातात का ते बघावं लागतं.

दोन की एक, याबद्दल माझं मत: घरात दोघांना वेगवेगळा वेळ देणारी दोन माणसं असतील तरच दोन. एका वेतातली दोन एकत्र वाढली की एकमेकांत गुंततात, माणसाचं ऐकत नाहीत. नर-मादी आहेत हे बरं, दोन माद्यांची भांडणं मोठेपणी फार वाईट होतात. पण मादीला सहा-सात महिन्यांत पहिला माज येऊ शकतो आणि भावाबहिणीला त्याचं काही नसतं. सहाव्या महिन्यात, म्हणजे एप्रिल अखेरीला, शस्त्रक्रियेची तारीख आत्ताच डॉक्टरांशी बोलून ठेवा. झोपायच्या जागा आणि थाळ्या पहिल्या दिवसापासून वेगळ्या.

बांधावरचा खड्डा चार फुटांचा आहे का? विहिरीपासून शंभर फूट तरी लांब? कमी असेल तर उकरू नका, वरून दोन फूट मातीचा ढीग करा, मोठे दगड लावा, बाभळीच्या काट्या टाका. पहिल्या महिन्यात गावातली कुत्री, कोल्हे हुंगत येतात.

---

चिंचेचा_मळा

खड्डा चार फुटांचाच आहे, विहीर खूप लांब आहे. दगड आजच लावून घेतले. सासूबाईंना नणंदेकडे जायचं सांगितलं तेव्हा त्यांनी विचारलं, काय खातात ती पिल्लं? नर आणि मादी दोन्ही आणतोय, एकाचं बघणं माझ्याकडे, एकाचं माझ्या धाकट्या दिराकडे.

एकच राहिलं. बंड्याचा पट्टा चामड्याचा आहे. सासूबाईंनी तो देवळीत ठेवलाय, जाळायला तयार नाहीत. धुता येईल का?

---

गोठा_ते_दवाखाना

चामडं क्लोरीननं खराब होतं, आणि शिवणीत, भोकांत आत गेलेलं निघतही नाही. म्हणून धुऊ नका, जाळूही नका. दिवसभर उन्हात ठेवा, वाळला की काचेच्या घट्ट झाकणाच्या बरणीत घाला. झाकण लावल्यावर बरणी बाहेरून क्लोरीनच्या पाण्यानं १० मिनिटं ओली ठेवून पुसा. देवळीचं लाकूड आणि तळ त्याच पाण्यानं पुसा, वाळू द्या, मग बरणी परत तिथेच ठेवा. झाकण कुणी उघडायचं नाही, एवढं सासूबाईंना सांगा, आणि पट्टा हाताळलात त्या दिवशी नणंदेकडे जाऊ नका.