‘दिव्यांग’ म्हटलं की झालं?

शाईचा_डाग
काल इथे एक फतवा निघाला: ‘अपंग हा शब्द हद्दपार करा, दिव्यांगच म्हणा, शब्द बदलला की नजर बदलते.’ डोकं फिरलं म्हणून लिहितोय. डिसेंबर २०१५ मध्ये पंतप्रधानांनी हा शब्द सुचवला आणि बघता बघता सरकारी पाट्यांवर चढला. पण अंगात दिव्य काय, ते सांगा की! देवत्व चिकटवलं की हक्क मागायची सोयच उरत नाही. देवाला कोण रॅम्प बांधून देतं? आणि बांधलाच तर पायऱ्यांवर फळी टाकल्यासारखा. रॅम्पचा एकास बाराचा उतार म्हणजे १५ सेंटिमीटर चढायला १८० सेंटिमीटर लांबी. ते गणित करा, मग शब्द शिकवा.

काटेकोर
‘दिव्यांग’ मलाही नको. पण मग ‘अपंग’ का कवटाळता? ऐकला की कुबडीच डोळ्यांपुढे येते. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यात असे २१ प्रकार आहेत. हिमोफिलिया (रक्त लवकर न गोठणं), स्वमग्नता (ऑटिझम) यांत कुबडी कुठे? आणि काही शब्द नुसते बोचरे नाहीत, चूकच आहेत. ‘मूकबधिर’ घ्या. बहुतेक कर्णबधिरांचं स्वरयंत्र ठणठणीत असतं. ‘व्हीलचेअरला जखडलेला’ तर साफ उलटं, खुर्ची आहे म्हणून तर माणूस फिरतो.

म्हणीवाला
झालं! आता आंधळी कोशिंबीर, लंगडी सबब, वासरात लंगडी गाय, सगळं बुडवा. उद्या म्हण वापरली म्हणून तुरुंग.

काटेकोर
त्याच कायद्याचं कलम ९२ वाचलंय का? लोकांदेखत, जाणूनबुजून अपमान केला तर सहा महिने ते पाच वर्षं. म्हणीला कुणी हात लावत नाही. समोरच्याला ‘ए लंगड्या’ म्हणू नका, एवढंच.

म्हणीवाला
एवढंच असेल तर मान्य. पण भाषेचे पोलीस एवढ्यावर थांबत नाहीत.

युनिकोड_की_जय
गंमत बघा. तो फतवा चित्र म्हणून चिकटवला होता, चित्रात काय आहे ते सांगणारा पर्यायी मजकूर शून्य. ज्यांच्या मानासाठी एवढा कळवळा, त्यांच्या स्क्रीन रीडरने, म्हणजे पडद्यावरचं वाचून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरने, फक्त ‘चित्र’ म्हटलं आणि पुढे गेला. परिपत्रकांची तीच रड. कृतिदेव या जुन्या फॉन्टमध्ये ‘दिव्यांग’ टाइप केलं की आत रोमन अक्षरं असतात. एनव्हीडीए हा स्क्रीन रीडर वाचतो ‘एफ एन ओ सेमिकोलन के ए एक्स’. घ्या आदरार्थी शब्द!

शाईचा_डाग
कृतिदेवचं युनिकोड, म्हणजे खरी मराठी अक्षरं, करणारे कन्व्हर्टर आहेत की.

युनिकोड_की_जय
आहेत, पण रफार आणि ऱ्हस्व वेलांटी हमखास सरकते, म्हणून रूपांतरानंतर एकदा डोळ्यांखालून घालावंच लागतं. मग वर्डमधून ‘प्रिंट’ करून पीडीएफ काढू नका, ‘सेव्ह अॅज’ करा. प्रिंटने शीर्षकांचे टॅग, म्हणजे आतल्या खुणा, उडतात आणि ऐकणाऱ्याला एका शीर्षकावरून दुसऱ्यावर उडी मारता येत नाही. शीर्षकंही वर्डच्या ‘हेडिंग’ शैलीतून द्या, नुसती ठळक करून नाही. कागदच हातात असेल तर ३०० डीपीआयला स्कॅन, वर मराठी ओसीआर, म्हणजे चित्रातल्या अक्षरांचा मजकूर करणं. सहीशिक्क्यासाठी छापून पुन्हा स्कॅन केलेली फाइल सगळ्यात वाईट, केलेलं सगळं पाण्यात.

म्हणीवाला
सही डिजिटल करता येते, त्यासाठी छापायचं कशाला?

युनिकोड_की_जय
हेच तर! पहिल्यांदा कामाचं बोललात.

फतवेदार
धागा शब्दांचा होता, फॉन्टचा नाही! माझ्या एका ओळीवर एवढं रान उठवायची गरज नव्हती. बोलावं कसं हे शिकवणं गुन्हा आहे का?

काटेकोर
नाही. पण शिकवा तर पूर्ण. अंध व्यक्तीचा हात किंवा काठी ओढायची नाही. आपलं कोपर पुढे करायचं, अर्धं पाऊल पुढे चालायचं, नुसतं ‘पायरी आली’ म्हणायचं नाही, ‘पायऱ्या खाली जातायत’ असं सांगायचं. कर्णबधिराशी बोलताना दुभाष्याकडे नाही, त्याच्याकडे बघायचं, उजेड आपल्या तोंडावर हवा. आणि काय म्हणू, हे ज्याचं त्यालाच विचारायचं. कुणी स्वतःला ‘अपंग’ म्हणवून घेत असेल तर तुम्ही दुरुस्त करणारे कोण?

फतवेदार
बरं बाबा. चित्राखाली मजकूर टाकलाय. आता शीर्षकातली ती चार इमोजी काढायला सांगा शाईच्या डागाला, स्क्रीन रीडर एकेक वाचत बसतो म्हणे.

शाईचा_डाग
काढली. ‘दिव्यांग’ मात्र म्हणणार नाही.