'पाट्या टाकणे' आणि न्यूयॉर्कची दुष्काळी कामं

लेखणीवाली :
मंडळी, अडलंय. एका दिवाळी अंकासाठी न्यूयॉर्कवरचा एक लेख मराठीत करतेय. १९३० च्या दशकातल्या महामंदीत वॉशिंग्टनच्या सरकारने बेकारांच्या हाताला काम देऊन शहरात पूल, तलाव, विमानतळ काय काय उभं केलं, असा विषय आहे. दोन ठिकाणी ठेच लागली.

एक म्हणजे 'वर्क रिलीफ', बेकारांना काम देऊन केलेली मदत. या रिलीफने आधीच एकदा माझी फजिती केलीय. लेखात एका इमारतीवर 'त्या काळचं रिलीफ' आहे असं होतं, मी सरळ 'त्या काळची मदत' लिहून मोकळी. नंतर फोटो पाहिला तर ते भिंतीवरचं उठावशिल्प! तेव्हापासून रिलीफ दिसलं की धस्स होतं.

दुसरा शब्द 'बूनडॉगल'. सरकारी पैशाने काढलेला निरर्थक उद्योग. मी लिहिलं, "विरोधक म्हणत, सरकारने नुसत्या पाट्या टाकायची कामं काढली आहेत." संपादकांनी त्यावर लाल रेघ मारली. म्हणे पाट्या टाकतो तो कामगार, सरकार नव्हे. माझे बाबा रोज संध्याकाळी बूट काढताना "आलो पाट्या टाकून" म्हणायचे आणि ते तर कचेरीत कारकून होते. त्यामुळे मला हा शब्द कुठेही चालेल असं वाटलं. चूक कोणाची?

खडूस मास्तर :
तुमची. संपादकांना माझा नमस्कार कळवा. पाट्या टाकणे म्हणजे मन न लावता, वेळ भरण्यापुरतं काम करणे. त्यात दोष करणाऱ्याचा. बूनडॉगलमध्ये दोष कामाचा. एखादा मनुष्य निरुपयोगी काम जीव ओतून करू शकतो, ते बूनडॉगल. आणि अत्यंत गरजेच्या धरणावर पाट्या टाकता येतात. सरकारबद्दल म्हणायचं तर 'नसते उद्योग' म्हणा. 'रिकामा न्हावी कुडाला तुंबड्या लावी' ही तर अगदी चपखल.

तिरपी रेघ :
मास्तर, ती म्हण आता दिवाळी अंकात छापून येणार नाही, आणि येऊही नये. कुणाच्या व्यवसायावरून किती दिवस कोट्या करायच्या?

खडूस मास्तर :
म्हण न्हाव्याबद्दल नाही, रिकामपणाबद्दल आहे.

तिरपी रेघ :
मग 'रिकामा मास्तर' करून बघा कसं वाटतं.

माणदेशी :
भांडण नंतर. आधी पाटी म्हणजे काय ते सांगा. शहरातल्या माणसाला पाटी म्हटलं की दुकानाची नाहीतर शाळेची आठवते. आमच्याकडे पाटी म्हणजे माती वाहायची टोपली, पुढे घमेलं. आज्जी बहात्तरच्या दुष्काळात आटपाडीच्या बाजूला पाझर तलावावर होती. आजोबा खणायचे, आज्जी पाटी उचलायची, मोठी आत्या बारा वर्षांची असताना धाकट्यांना झाडाखाली सांभाळायची. दिवसभर बांधावर पाट्या टाकायच्या. हाच तो शब्द. आज्जीला कुणी "नुसत्या पाट्या टाकतोय" म्हटलं की तिला राग यायचा. "टाकून बघ म्हणावं एक दिवस," म्हणायची.

तिरपी रेघ :
अरेच्चा. मी इतकी वर्षं समजत होतो की पुणेरी पाट्यांशी संबंध आहे. भिंतीवर पाटी टांगली की जबाबदारी संपली, तसं काहीतरी.

जुना ओव्हरसियर :
माणदेशी म्हणतात ते बरोबर, पण थोडं अपुरं. मी बांधकाम खात्यात चौतीस वर्षं होतो. पाटी अर्धी भरायची आणि फेऱ्या मात्र पुऱ्या करायच्या, मुकादमाला लांबून फेऱ्याच दिसतात. त्यातून हा वाक्प्रचार आला असं आमच्या साहेबांचं मत होतं. मला ते पटतं.

पण गंमत अशी, की जिथून शब्द आला तिथेच तो लागू पडत नाही. रोजगार हमीवर मजुरी मापावर असते. खणलेल्या खड्ड्यात मधोमध मातीचा एक खुंट तसाच सोडायचा, म्हणजे मूळ जमीन किती उंच होती ते मोजताना कळतं. टेप लावली की किती घनमीटर ते निघालं, त्यावर आठवड्याचा पगार. पाट्या टाकल्या तर आपल्याच खिशाला चाट. पाट्या टाकायची चैन परवडते ती तुमच्या बाबांसारख्या पगारी माणसाला. (ताई, राग मानू नका, मीही पगारीच होतो.)

लेखणीवाली :
राग कसला काका, ते स्वतःच सांगायचे. पण न्यूयॉर्कवाले कुठल्या जातीचे, मापवाले की पगारी?

क्वीन्सकर :
पगारी. मी न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागात, अस्टोरियात राहतो, थोडं सांगू शकेन. बेकारांना काम देणारं सरकारी खातं म्हणजे डब्ल्यूपीए (वर्क्स प्रोग्रेस ॲडमिनिस्ट्रेशन), ती मे १९३५ मध्ये निघाली, प्रमुख हॅरी हॉपकिन्स. महिन्याचा पगार ठरलेला, देशभरात १९ ते ९४ डॉलरपर्यंत, माणसाचं कौशल्य आणि प्रदेश पाहून. सर्वसाधारणपणे एका घरातून एकालाच काम. म्हणजे माणदेशींच्या आज्जी-आजोबांसारखं जोडीने कामावर जाता आलं नसतं.

तिथेही पाट्या टाकण्याचीच थट्टा चालायची. फावड्याला टेकून उभा असलेला मजूर हे व्यंगचित्रकारांचं ठरलेलं गिऱ्हाईक. डब्ल्यूपीए या अक्षरांचा 'आम्ही आपले रेंगाळतो' अशा अर्थाचा विस्तार लोकांनी करून ठेवला होता.

खडूस मास्तर :
आपल्याकडे मात्र 'रोजगार हमी, अर्धे तुम्ही अर्धे आम्ही'. तिकडे आळसावर टोमणा, इकडे चोरीवर. समाजशास्त्राचा प्रबंध आहे यात.

जुना ओव्हरसियर :
तो टोमणा आमच्या तोंडावर मारत, मास्तर. प्रबंध नको.

लेखणीवाली :
थांबा थांबा. लेखात डब्ल्यूपीए आहे आणि पीडब्ल्यूएही आहे. मला वाटलं एकीकडे अक्षरं उलटसुलट पडलीत, म्हणून मी सगळीकडे सारखं करून टाकलं!

क्वीन्सकर :
अहो, आधी ते दुरुस्त करा! दोन वेगळी खाती. पीडब्ल्यूए (पब्लिक वर्क्स ॲडमिनिस्ट्रेशन) १९३३ ची, प्रमुख हॅरल्ड इक्स, अंतर्गत व्यवहार मंत्री. पैशाला एकदम कडक. मोठी बांधकामं, त्यासाठी शहरांना अनुदान नि कर्ज, आणि प्रत्यक्ष काम खासगी कंत्राटदारांचं. डब्ल्यूपीए स्वतः माणसं घ्यायची, तीही मुख्यतः मदतीच्या यादीवरची, आणि बहुतेक पैसा मजुरीत घालायची.

मी उन्हाळ्यात अस्टोरियाच्या तलावावर पोहायला जातो. पाण्यात उताणं पडलं की डोक्यावर ट्रायबरो पूल दिसतो. तलाव डब्ल्यूपीएचा, २ जुलै १९३६ ला उघडला. पूल पीडब्ल्यूएच्या पैशाचा, ११ जुलै १९३६ ला उघडला, स्वतः राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट आले होते. नऊ दिवसांचं अंतर. त्या एका उन्हाळ्यात शहरात असे अकरा तलाव झाले. लागार्डिया विमानतळही डब्ल्यूपीएचा. रायकर्स बेटावरचा भराव आणून पाण्यात जमीन केली, १९३९ मध्ये उद्घाटन. शहराचा पसारा एवढा की डब्ल्यूपीएने न्यूयॉर्क शहराला एका वेगळ्या राज्यासारखं वागवलं. ऐन भरात एकट्या शहरात दोन लाखांवर माणसं कामावर होती.

आणि हो, पोस्टाच्या इमारतींतली चित्रं-शिल्पं दिसली की लोक सरसकट डब्ल्यूपीएच्या नावावर टाकतात. ब्राँक्सच्या मुख्य पोस्टातली चित्रं ट्रेझरीच्या, म्हणजे अर्थखात्याच्या, विभागाची आहेत. तुमचं ते 'रिलीफ' पोस्टातलं असेल तर जपून.

जुना ओव्हरसियर :
म्हणजे सरळच आहे. पीडब्ल्यूए म्हणजे टेंडरचं काम, डब्ल्यूपीए म्हणजे रोहयोचं, रोजगार हमी योजनेचं, काम. रोहयोतही ठेकेदाराला मज्जाव, आणि साठ टक्के खर्च अकुशल मजुरीवर झालाच पाहिजे. रोहयोचे जनक वि. स. पागे यांनी तासगाव भागात १९६५ मध्ये प्रयोग केला, कायदा १९७७ चा. आमच्या वेळी सार्वजनिक बांधकाम म्हणायच्या आधी 'बी अँड सी' म्हणत, इमारती व दळणवळण. खेड्यात अजून म्हातारी माणसं बीएनसीचा रस्ता म्हणतात.

खडूस मास्तर :
वर्क रिलीफसाठी 'श्रमसाहाय्य' करा. नेटका शब्द आहे. आणि फेडरलला 'संघीय'.

तिरपी रेघ :
'संघीय श्रमसाहाय्य'. वाचकाला वाटेल नागपूरहून स्वयंसेवक आले. फेडरल ठेवा, नाहीतर केंद्र सरकार म्हणा.

खडूस मास्तर :
अमेरिकेत 'केंद्र' नसतं, म्हणूनच फेडरल. तुम्हा लोकांना इंग्रजी शब्द नागरीत लिहिला की अनुवाद झाला असं वाटतं.

माणदेशी :
दुष्काळी कामं म्हणा की. सगळ्या महाराष्ट्राला कळतं. काम देऊन माणूस जगवणं याला आपल्याकडे तोच शब्द आहे. आज्जी कधी 'रोजगार' म्हणाली नाही, 'हमी' म्हणाली नाही. "खडीवर होते" नाहीतर "दुष्काळी कामावर होते".

क्वीन्सकर :
पण न्यूयॉर्कात दुष्काळ नव्हता. पाऊस पडत होता, नळाला पाणी होतं. धुळीची वादळं तिकडे ओक्लाहोमा-कॅन्ससकडे.

खडूस मास्तर :
इथे मी माणदेशींच्या बाजूने. दुष्काळ म्हणजे दुः अधिक काळ, वाईट दिवस. पावसाचा त्याच्याशी संबंध आपण शेतकरी म्हणून जोडला. महामंदी हा अस्सल दुष्काळच.

तिरपी रेघ :
वा! संस्कृत कामाला आलं की मास्तर लगेच लोकभाषेच्या बाजूने. पण 'अस्टोरियाचा तलाव हे दुष्काळी काम' म्हटलं की वाचकाला पाझर तलाव दिसणार, पोहण्याचा नाही.

माणदेशी :
दिसू दे. बहात्तर-त्र्याहत्तरला आपल्याकडे ऐन मे महिन्यात पन्नास लाखांच्या आसपास माणूस कामावर होता. डब्ल्यूपीएचा सगळ्या अमेरिकेतला उच्चांक मी आत्ता पाहिला, नोव्हेंबर १९३८ चा, तेहतीस लाख. लाज वाटण्यासारखी तुलना नाही ही.

आणि खायला काय तर अमेरिकेचा मिलो. लाल ज्वारी. भाकरी थापताना फुटायची. कामावर पोरांना सुकडी.

तिरपी रेघ :
त्या मिलोबरोबरच गाजरगवत आलं ना?

जुना ओव्हरसियर :
नाही हो. ते आधीच्या गव्हाबरोबर आलं म्हणतात. मिलोच्या खूप आधी पुण्यात दिसलं होतं. लोक त्याला काँग्रेस गवत म्हणायचे.

तिरपी रेघ :
आमच्या गावी अजून शपथेवर मिलोच सांगतात.

काणकोणकार :
उशिरा आलो. बूनडॉगलचं कुणी मुळापाशी गेलंच नाही. तो मूळचा शब्द निरर्थक कामाचा नाहीच. चामड्याच्या पट्ट्या गुंफून केलेला गोफ, बालवीर गळ्यात घालतात तो, त्याला बूनडॉगल म्हणत. न्यूयॉर्क राज्यातल्या रॉचेस्टरच्या एका स्काउट मास्तराने हे नाव दिलं अशी कथा आहे. मग एप्रिल १९३५ मध्ये न्यूयॉर्क शहरात मदतनिधीच्या खर्चाची चौकशी लागली. हस्तकला शिकवणाऱ्या एका माणसाने साक्षीत सांगितलं की मी बेकारांना बूनडॉगल शिकवतो. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रांनी तो शब्द उचलला आणि बिचारा गोफ शिवी झाला. तेव्हा डब्ल्यूपीए जन्मालाही आली नव्हती, पण पुढे सगळं तिच्याच माथी. जानेवारी १९३६ मध्ये नेवार्कच्या भाषणात रूझवेल्टनी तो शब्द उलटा फिरवला. बूनडॉगल करत करत मंदीतून बाहेर पडलो, तर हा शब्द लोकांच्या मनात पुढची कित्येक वर्षं राहील, अशा अर्थाचं बोलले.

खडूस मास्तर :
मग शब्द मिळाला! 'गोफकाम'. विरोधक म्हणत, सरकारने गोफकामं काढली आहेत. मूळ अर्थ राखला, मराठी शब्द राखला, सामासिक रूप निर्दोष.

काणकोणकार :
मास्तर, ना! गोफ आमच्याकडे गोव्यात शिगम्यातला, होळीच्या सणातला, नाच आहे. मांडवाच्या मध्ये रंगीत दोऱ्या टांगतात, नाचत नाचत त्यांची वेणी घालायची, आणि मग उलट पावलं टाकून तीच वेणी सोडवायची. एक पाऊल चुकलं की सगळा गुंता. याला निरर्थक म्हणाल?

तिरपी रेघ :
घालायची आणि सोडवायची? हे तर खड्डा खणा आणि बुजवा झालं. बूनडॉगलच की.

काणकोणकार :
तुम्ही एकदा काणकोणला याच. आणि क्वीन्सकर, ते ट्रायबरो ऐकून हसू आलं. कोंकणीत बरो म्हणजे चांगला. तीनदा चांगला पूल.

क्वीन्सकर :
टोल भरताना एकदाही बरो वाटत नाही. आता तर नावही बदललं, २००८ पासून रॉबर्ट केनेडी पूल. लोक अजून ट्रायबरोच म्हणतात.

लेखणीवाली :
मंडळी, मजकूर काल रात्री पाठवला. बूनडॉगल तसाच ठेवून पुढे गोफाची गोष्ट दोन ओळींत घातली, काणकोणकार, आभार. पाट्या टाकणे फावड्याला टेकलेल्या मजुरासाठी वापरलं, संपादक खूश. 'दुष्काळी कामं' एकदाच, अवतरणात. पीडब्ल्यूएला 'कंत्राटी कामं' आणि डब्ल्यूपीएला 'हजेरीची कामं' केलं. ओव्हरसियर काकांच्या रोहयोवरूनच सुचलं.

जुना ओव्हरसियर :
ताई, पण हजेरी नव्हे हो. आमच्याकडे हजेरीपट असतो, पैसे मात्र मापाचे. हे मी वर लिहिलं होतं. माझं नाव त्या शब्दाला जोडू नका.

क्वीन्सकर :
पण इथे हजेरीवरच होते, काका. शब्द इथल्यासाठी बरोबर आहे.

जुना ओव्हरसियर :
मग वाचणारे कुठले आहेत?

माणदेशी :
आज्जीच्या हजेरीपटावर आजोबांचा अंगठा असायचा. त्याला काय म्हणायचं ते सांगा.