फिजएक्ससाठी दुसरं ग्राफिक्स कार्ड बसवलंय का? तुमचा अनुभव लिहा

फिजएक्स म्हणजे गेममधल्या फुटणाऱ्या काचा, कापड, धूर यांच्या हालचालीचं गणित करणारं एनव्हिडियाचं सॉफ्टवेअर. २०२५ मध्ये त्याच कंपनीचं ५० मालिकेतलं नवं आरटीएक्स कार्ड घेतलं आणि पहिल्याच संध्याकाळी हौसेने 'मिरर्स एज' लावला. गेम २००९ चा, कार्ड आजचं. छपरांवरून पळताना काही अडचण नव्हती. पण एका ऑफिसच्या मजल्यावर हेलिकॉप्टरमधून गोळ्या सुटल्या, काचा फुटायला लागल्या आणि चित्र जागीच अडकलं. एक तुकडा उडायचा, मग सगळं थांबायचं, मग पुढचा तुकडा. माझ्या दहा वर्षं जुन्या कार्डावर हाच प्रसंग सरळ पार पडायचा.

शोधल्यावर कारण सापडलं. ५० मालिकेच्या कार्डांवर ३२ बिट कुडा (ग्राफिक्स कार्डाकडून गणित करून घेण्याची एनव्हिडियाची सोय) चालत नाही आणि फिजएक्सचे बहुतेक जुने गेम ३२ बिट आहेत. म्हणजे काचा, कापड, धूर यांचा हिशोब थेट सीपीयूवर. फिजएक्सची ती जुनी आवृत्ती सीपीयूवर मोठ्या प्रमाणात एकाच थ्रेडवर, म्हणजे एकाच कोअरवर, चालते, त्यामुळे सोळा कोअर असले तरी पंधरा बसून राहतात.

माळ्यावरचं जीटीएक्स ७५० टीआय काढलं, पुसलं, खालच्या स्लॉटमध्ये बसवलं. त्याला वेगळी पॉवर केबल लागत नाही, ६० वॉट स्लॉटमधूनच मिळतात. एनव्हिडिया कंट्रोल पॅनलमध्ये फिजएक्स प्रोसेसर म्हणून तेच निवडलं. काचा पुन्हा पूर्वीसारख्या फुटायला लागल्या.

असं दुसरं कार्ड कुणी कुणी वापरलंय, कशासोबत, आणि खरंच फरक पडला का? फसलेले प्रयोग तर नक्की लिहा, त्यातूनच जास्त कळतं.

———

मी अगदी सुरुवातीचा. २००६ मध्ये एजिया कंपनीचं फिजएक्स कार्ड आलं ते माझ्याकडे होतं. ग्राफिक्स कार्ड नव्हेच ते, मॉनिटरची जोडणीसुद्धा नव्हती. साध्या पीसीआय स्लॉटमध्ये बसायचं, १२८ एमबी मेमरी, वर एक छोटा पंखा आणि त्याचा बारीक सततचा आवाज.

'घोस्ट रिकन ॲडव्हान्स्ड वॉरफायटर'मध्ये स्फोट झाला की दगडमातीचे कितीतरी जास्त तुकडे उडायचे. पण फ्रेम रेट, म्हणजे सेकंदाला दिसणारी चित्रं, वाढण्याऐवजी उतरायचा. कारण कळायला मला वेळ लागला. तुकडे कुठे जाणार हे फिजएक्स कार्ड ठरवायचं, पण ते पडद्यावर रेखाटायचं काम शेवटी ग्राफिक्स कार्डाचंच. जितके जास्त तुकडे, तितकं त्याच्यावर ओझं. हा हिशोब आजही तसाच आहे. दुसरं कार्ड गणित उचलतं, चित्र नाही.

फेब्रुवारी २००८ मध्ये एनव्हिडियाने एजिया विकत घेतली आणि त्याच वर्षी जीफोर्स ८ मालिका व पुढच्या कार्डांवर फिजएक्स चालू लागलं. माझं ते कार्ड अजून जपून ठेवलंय.

———

फसलेला प्रयोग सांगतो. मुख्य कार्ड जीटीएक्स २८०, सोबत घरात पडून असलेलं ८६०० जीटी. मनात हिशोब असा की रिकामं कार्ड आहे, जेवढी मदत होईल तेवढी. 'बॅटमॅन : अर्कम असायलम'मध्ये धुक्याच्या जागी गेलो की एकटं २८० जितकं चालायचं त्याहून दोन कार्डं मिळून हळू.

प्रत्येक फ्रेमला भौतिकीचं उत्तर हवं असतं. ते उत्तर मंद कार्डाकडून यायचं असेल तर वेगवान कार्ड हातावर हात ठेवून वाट बघतं. ८६०० जीटीमध्ये ३२ कोअर. नंतर मित्राचं ९८०० जीटी आणून लावलं, त्यात ११२. त्याच धुक्यात आता अडखळणं जवळपास संपलं. सरासरी फ्रेम रेट फारसा वाढला नव्हता, पण तो अचानक कोसळायचा ते खड्डे भरून निघाले, आणि खेळताना बोचतात ते खड्डेच. मोजताना सर्वात कमी आकडा बघा, सरासरीवर जाऊ नका.

———

माझं मुख्य कार्ड रेडिऑन, म्हणजे एनव्हिडियाच्या प्रतिस्पर्धी कंपनीचं, आणि फिजएक्ससाठी एनव्हिडियाचं जीफोर्स. अशी जोडी २००९ च्या मध्यापर्यंत चालत होती, मग नव्या ड्रायव्हरमध्ये दुसऱ्या कंपनीचं मुख्य कार्ड दिसलं की फिजएक्स बंद व्हायला लागलं. लोकांनी त्यावर पॅच काढले, मीही वापरले.

पण खरी गंमत पुढे. विंडोज ७ मध्ये जीफोर्सला मॉनिटर जोडलेला नसेल तर ते फिजएक्सला धरत नसे. माझ्याकडे एकच मॉनिटर. मग डीव्हीआय-व्हीजीए कन्व्हर्टर (मॉनिटरच्या एका जोडणीची दुसरी करणारा) घेतला आणि त्याच्या भोकांत ७५ ओहमचे तीन रेझिस्टर खोचले : १ आणि ६, २ आणि ७, ३ आणि ८. पाय कापताना एक तुटला म्हणून दुसरा आणावा लागला. कन्व्हर्टर कार्डाला लावला, विंडोजला तिथे मॉनिटर असल्याचं वाटलं, डेस्कटॉप त्यावर वाढवला आणि फिजएक्स सुरू झालं. अधूनमधून माउस त्या नसलेल्या मॉनिटरवर निघून जायचा, ओढून परत आणायचा. 'माफिया २' मी पहिल्यापासून शेवटपर्यंत असाच खेळलो. वळताना अंगावरच्या कोटाचा घोळ जसा हलतो, तो मला अजून आठवतो.

———

उष्णतेबद्दल कुणी लिहिलं नाही म्हणून. माझ्या बोर्डावर दुसरा लांब स्लॉट मुख्य कार्डाच्या अगदी खाली आहे. तिथे कार्ड बसलं की वरच्याच्या पंख्यांसमोर भिंत उभी राहते. तापमान इतकं चढलं की पंखे पूर्ण वेगाने फिरायला लागले. शिवाय त्या स्लॉटमध्ये काहीही बसवलं की मुख्य कार्डाच्या १६ लेनच्या (डेटा ये-जा करण्याच्या वाटा) ८ होतात, हे मॅन्युअलमध्ये छापलेलं होतं, मी आधी वाचलं नव्हतं. शेवटी कार्ड सगळ्यात खालच्या, चिपसेटवरच्या ४ लेनच्या स्लॉटमध्ये हलवलं. फिजएक्सला तेवढं पुरलं, मुख्य कार्डाला श्वास मिळाला.

———

दोन गोष्टी आधी तपासा, मग स्क्रूड्रायव्हर हातात घ्या.

एक, कंट्रोल पॅनलमध्ये वरच्या '३डी सेटिंग्ज' मेनूत फिजएक्सचा निर्देशक चालू करता येतो. गेममध्ये कोपऱ्यात सीपीयू की जीपीयू ते लिहून येतं. कित्येकांचं कार्ड बसलेलं असतं आणि काम सीपीयूच करत असतो.

दोन, 'मिरर्स एज'च्या बायनरीज फोल्डरमध्ये फिजएक्सच्या जुन्या डीएलएल फाइल (गेमला लागणारे प्रोग्रामचे तुकडे) येतात. गेम आधी त्या उचलतो, मशीनवरच्या नव्या नाही. फिजएक्सकोअर आणि फिजएक्सडिव्हाइस या दोन्हींची नावं बदलून बघा. माझं काचेपाशी गोठणं तेवढ्यानेच गेलं होतं, दुसरं कार्ड लागलंच नाही.

———

धागाकर्ते, तुमच्या जोडीत एक अडचण येऊ घातलीय. दोन्ही कार्डांना एकच ड्रायव्हर लागतो. ७५० टीआय मॅक्सवेल पिढीचं आहे, माझं जीटी १०३० पास्कल पिढीचं, आणि या दोन्ही पिढ्यांची शेवटची ड्रायव्हर शाखा ५८०. त्यापुढचा ड्रायव्हर टाकला की जुनं कार्ड गळालं. मी नकळत टाकला होता. सकाळी मशीन सुरू केलं तर डिव्हाइस मॅनेजरमध्ये १०३० समोर पिवळं चिन्ह.

डिसेंबर २०२५ च्या ड्रायव्हरपासून ५० मालिकेवर निवडक जुने गेम पुन्हा जीपीयूवर चालतात : 'बॉर्डरलँड्स २', 'माफिया २', 'मेट्रो २०३३', 'अर्कम सिटी', 'मिरर्स एज' वगैरे. तुमचे आवडते त्यातच असतील तर दुसऱ्या कार्डाची गरज नाही. यादीबाहेरचे खेळत असाल तर दोन वाटा. ५८० वर थांबा, म्हणजे नव्या गेमसाठीच्या सुधारणा सोडा. नाहीतर दुसरं कार्ड ट्युरिंग (पास्कलनंतरची पिढी) किंवा त्यानंतरचं, पण ५० मालिकेच्या आधीचं घ्या. मी जीटीएक्स १६५० घेतलं, बाहेरची पॉवर न लागणारं.

———

आम्ही दोघी बहिणी 'अर्कम असायलम' आळीपाळीने खेळायचो. धाकटीला मारामारीत रस नव्हता. ती कॉरिडॉरमधल्या कागदांमधून बॅटमॅनला पुढेमागे पळवायची, पायांशी कागद उडताना बघत बसायची. माझ्या नव्या मशीनवर फिजएक्स बंद करून तिला गेम दाखवला तर ती म्हणाली, ताई, इथले कागद कुठे गेले? त्या दिवशी जुनं जीटीएक्स ९५० परत बसवलं.

———

(धागाकर्ता) ड्रायव्हरबद्दल लिहिणाऱ्यांचे मनापासून आभार. काल ७५० टीआय काढलं, नवा ड्रायव्हर टाकला, निर्देशक चालू केला. हेलिकॉप्टर आलं, काचा फुटल्या, कोपऱ्यात जीपीयू. एकही झटका नाही. आता यादीत नसलेला 'क्रायोस्टॅसिस' लावून बघतोय. त्यातलं वितळून वाहणारं पाणी कुणी ५० मालिकेवर चालवलं असेल तर कोणत्या दुसऱ्या कार्डासोबत, ते जरूर लिहा.