मदत हवी आहे: दायमाबादची चाकांवरची जनावरं खेळणी होती की देवाची?

मंडळी, शनिवारी मुलाच्या शाळेत इतिहासाचं प्रदर्शन आहे. आम्ही मूळचे श्रीरामपूर तालुक्यातले, म्हणून त्याने तिथल्याच दायमाबादला सापडलेल्या प्राचीन ब्राँझच्या वस्तू निवडल्या. शाडूचा हत्ती, गेंडा, रेडा आणि बैलांचा रथ करून वाळतही घातलेत. घोडं अडलंय ते पाटीवर. 'उपयोग' या रकान्यात काय लिहायचं?

मी 'खेळणी' लिहून मोकळा झालो होतो. मग वजन वाचलं: चारही मिळून ६० किलोंच्या वर, भरीव ओतकाम. एवढं धूड कुठलं पोर ओढणार? तेव्हापासून मिरवणुकीचा देव हेच डोक्यात बसलंय. रथातला माणूस उघडा आहे आणि त्याच्या लिंगावर नागाचे फणे आहेत. खेळण्यावर असलं कोण घडवेल? पण त्याच रथाच्या दांडीवर एक कुत्रा उभा आहे, तो मात्र अगदी घरचा वाटतो.

बायको नागपूरची. फोटो बघून म्हणाली, "अहो, हा तर तान्ह्या पोळ्याचा नंदी!" तिकडे लाकडी बैलाला चाकं लावून पोरं मिरवतात, आणि काही नंदी एवढे मोठे की मोठ्या माणसांनीच ढकलावे लागतात. झालं, माझा वजनाचा मुद्दा निकालात. आणि तो नंदी खेळणं म्हणावा की पूजेचा, हे तरी कुठे ठरतंय?

खरी पंचाईत अशी की १९७४ मध्ये तिथल्याच एकाला झाडाची मुळं खणताना हे सापडलं. घरात होतं की देवळात, शेजारी काय होतं, सगळा माग तिथेच पुसला गेला. पुढे पुरातत्त्वज्ञ एस. ए. सालींनी उत्खनन करून ते उत्तर हडप्पा काळात, म्हणजे सिंधू संस्कृतीच्या शेवटच्या टप्प्यात बसवलं. धातूचे अभ्यासक डी. पी. अग्रवालांनी धातूतल्या १ टक्क्याहून जास्त आर्सेनिकवर बोट ठेवून, त्या काळच्या इतर वस्तूंत असं मिश्रण दिसत नाही म्हणून, त्या काळावर शंका घेतली. तो वाद इथे नको, पाटी वीतभर आहे.

मला एवढंच हवंय: मूळ वस्तू कोणी जवळून पाहिल्यात का? चाकांच्या कडा, आसाची टोकं घासलेली दिसतात का? घासली असतील तर निदान 'ओढत असत' असं लिहिता येईल. हत्तीची चाकं मिळालीच नाहीत, बैठकीखाली आसाची भोकं तेवढी आहेत. चिरंजीव म्हणतात चाकं लावायची नाहीत, मी म्हणतो लावू.

शुक्रवार रात्रीपर्यंत सांगा. पाटी अजून पेन्सिलीतच आहे.