सिंकोनाची साल, सातवीण आणि कोयनेल: काढा चालतो का?

मलप्रभाकाठ (प्रश्न):
खानापूरच्या बाजारात जडीबुटीवाल्याकडं ‘कोयनेलाची साल’ म्हणून जाड, करडी साल मिळते. थंडीतापावर काढा करून प्या म्हणतात. कोयनेल (क्विनाइन) सिंकोना झाडाच्या सालीपासूनच निघतं, तर थेट साल उकळून प्यायला काय हरकत? दुसरं असं की कणकुंबीच्या बाजूला थोडं रान आहे, पाऊस धो धो. तिथं सिंकोना लावला तर येईल का? नेमकं सांगा, ‘डॉक्टरांना विचारा’ एवढ्यावर सोडू नका.

रानपाला:
ती साल बहुतेक सातविणीची असणार. आपल्याकडच्या रानात सातवीण पोत्यानं मिळते, सिंकोना मिळत नाही. दोन्ही कडू, त्यामुळं नाव सहज चिकटतं.

झाड समोर असेल तर ओळख सोपी आहे. सातविणीला एका पेराभोवती पाच-सात पानांचा घेर असतो आणि साल खरवडली की पांढरा चीक येतो. सिंकोनाची पानं समोरासमोर, जोडीनं येतात आणि चीक नसतो. वाळलेल्या सालीत चीक दिसत नाही, मग पोत बघा. सिंकोनाची साल पन्हाळीसारखी आत वळते, आतून तांबूस-तपकिरी असते आणि कडूबरोबर जीभ ओढून धरणारी तुरट असते. सातविणीची साल जाड, वेडीवाकडी, बाहेरून भुसभुशीत.

प्रयोगशाळेत ओळखीचा असेल तर एक जुनी परीक्षा आहे. सालीची पूड कोरड्या परीक्षानळीत तापवायची. खऱ्या सिंकोनाची असेल तर नळीच्या वरच्या भागात लालभडक डांबरासारखे थेंब जमतात. अतिनील टॉर्चचीही युक्ती आहे: सालीचा अर्क विरल गंधकाम्लात घेतला तर क्विनाइन निळं चमकतं. मीठ किंवा हायड्रोक्लोरिक आम्ल घातलं तर ती चमक मरते, म्हणून गंधकाम्लच घ्या. पण चमकलं म्हणजे क्विनाइनच असं नाही, बऱ्याच वनस्पतींचे अर्क चमकतात.

सातविणीत एकिटामीनसारखी अल्कलॉइड्स (वनस्पतीतली औषधी रसायनं) आहेत, क्विनाइन अजिबात नाही. सातवीण, कुटकी, किराईत आणि सागरगोटा मिळून केलेलं ‘आयुष-६४’ हे औषध मुळात हिवतापासाठीच काढलं होतं. पण क्लोरोक्विन या हिवतापाच्या गोळीशी तुलना झाली तेव्हा ते बरंच मागं पडलं. काढ्यानं ताप थोडा उतरेलही, रक्तातले परजीवी मात्र तसेच राहतात.

खलबत्ता_निपाणी:
समजा साल खरी सिंकोनाची मिळाली. तरी अडचण मापाची आहे.

मोठ्या माणसाचा डोस म्हणजे क्विनाइन सल्फेट ६०० मिलिग्रॅम, दर आठ तासांनी, सात दिवस, आणि जोडीला डॉक्सिसायक्लिन किंवा क्लिंडामायसिन. ६०० मिलिग्रॅम सल्फेटात शुद्ध क्विनाइन साधारण ५०० मिलिग्रॅम भरतं. साल ५ टक्के क्विनाइनची धरली तर एका वेळेला १० ग्रॅम, दिवसाला ३० ग्रॅम, सगळं क्विनाइन पाण्यात उतरलं असं गृहीत धरून. ते उतरत नाही. क्विनाइन सालीतल्या टॅनिनला (तुरट द्रव्याला) धरून बसतं. काढा गरम असताना नितळ दिसतो, गार झाला की गढूळ होतो, आणि तळाशी बसलेल्या गाळात औषध जातं. जुने वैद्यकवाले काढ्यात आम्ल घालायचे ते यासाठीच.

आणि ५ टक्के हे धरून चाललेलं. लेडजेरियाना जातीच्या सालीत १३ टक्क्यांपर्यंत सापडतं, तांबड्या सालीच्या सक्सिरुब्रात फार कमी. म्हणजे त्याच १० ग्रॅममध्ये एकाला १०० मिलिग्रॅम जाईल, दुसऱ्याला १,३००. पहिल्याचा ताप हटणार नाही. दुसऱ्याच्या कानात गुणगुण सुरू होईल, ऐकू कमी येईल, उलट्या होतील, डोळ्यांपुढं धूसर दिसेल. आणखी जास्त गेलं तर नजर कायमची जाऊ शकते, हृदयाचे ठोके बिघडतात. शिवाय सालीत क्विनिडीन, सिंकोनीन, सिंकोनिडीनही असतं. यातलं क्विनिडीन हृदयावर जास्तच जोरकस.

१८२० मध्ये पॅरिसला पेलेतिए आणि काव्हांतू यांनी क्विनाइन वेगळं काढलं, त्याचा खरा फायदा हाच: वजन करून देता आलं. कारखान्यात सालीची पूड चुना आणि कॉस्टिक सोड्यात भिजवतात, म्हणजे अल्कलॉइड टॅनिनपासून सुटतं. मग टोल्यूइनसारख्या द्रावकात ओढून घेतात आणि त्यातून विरल गंधकाम्लात उतरवतात. गरम असतानाच आम्लपणा जवळजवळ मारून गार करतात. क्विनाइन सल्फेट गार पाण्यात फारसं विरघळत नाही, म्हणून त्याचेच खडे पडतात, बाकीची तिघं बरीचशी पाण्यात राहतात. हे चुलीवर होत नाही.

गोळी घेतानाही पाकिटावरचा क्षार वाचा. ३०० मिलिग्रॅमची सल्फेट गोळी म्हणजे सुमारे २५० मिलिग्रॅम क्विनाइन, पण बायसल्फेट असेल तर १८० च्या आतच.

डोंगरमाती:
रानाबद्दल सांगतो. पाऊस भरपूर एवढ्यानं भागत नाही, तो वर्षभर वाटून पडावा लागतो. कणकुंबीला जूनपासून सप्टेंबरपर्यंत कोसळतो आणि फेब्रुवारीपासून माती तडकते. सिंकोनाचं रोप उन्हाळ्याच्या कोरडीत जगत नाही, आणि जांभ्यावरच्या उथळ मातीत जुलैचं पाणी साचलं तर मूळ कुजतं. उंचीही कमी पडते. १८६० नंतर इंग्रजांनी लागवड केली ती निलगिरीत आणि दार्जिलिंगकडं मुंगपूला, उगाच नाही. सक्सिरुब्रा खालच्या उंचीवर कसाबसा तगेल, पण क्विनाइन तुटपुंजं.

हौस असेल तर चार झाडं लावा की. बी धुळीसारखं बारीक, एका ग्रॅमला तीन हजारांवर, आणि जुनं झालं की उगवत नाही. वर माती लोटू नका. आम्लधर्मी, निचऱ्याच्या वाफ्यावर नुसतं पसरा, सावली करा, झारीनं नव्हे तर फवाऱ्यानं पाणी द्या. दोन-तीन आठवड्यांत कोंब दिसतात, त्याच वेळी पाणी जास्त झालं तर बुडातून कोलमडतात. साल काढण्याजोगं झाड व्हायला आठ-दहा वर्षं. पैशासाठी म्हणत असाल तर काजू बरा.

मलप्रभाकाठ:
काढा बाद, लागवडही बाद, समजलं. आता एक खरी अडचण. घरचा एक माणूस गोव्याला बांधकामावर असतो. हिवताप होतो, औषधानं उतरतो, दोन-तीन महिन्यांनी परत थंडी वाजून येतो. त्याला क्विनाइनच्या गोळ्या आणून दिल्या तर?

काचपट्टी:
नका देऊ दादा, त्यानं हे थांबणार नाही. असा परतून येणारा ताप बहुधा व्हायवॅक्स जातीच्या हिवतापाचा असतो. त्याचे परजीवी यकृतात झोपून राहतात आणि क्विनाइन फक्त रक्तातल्यांना मारतं. क्लोरोक्विनचंही तेच. झोपलेल्यांसाठी प्रायमाक्विन लागतं: मोठ्या माणसाला रोज १५ मिलिग्रॅम, सलग १४ दिवस. चौथ्या दिवशी बरं वाटलं की लोक गोळ्या सोडतात आणि तिथंच घोळ होतो. सुरू करण्याआधी जी-६-पी-डी तपासून घ्या, ते एन्झाइम कमी असेल तर तांबड्या पेशी फुटून लघवी काळपट होते. गरोदर बाईला प्रायमाक्विन देत नाहीत.

ताप आला त्याच दिवशी आशाताईंकडून किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रात रक्त तपासा, सरकारी केंद्रात फुकट होतं. गोळी घेण्याआधी थेंब द्या, नंतर सूक्ष्मदर्शकाखालच्या काचपट्टीवर परजीवी सापडणं अवघड जातं. झटपट किटवर फॅल्सिपेरमची (हिवतापाच्या दुसऱ्या जातीची) रेघ मात्र बरा झाल्यावरही काही आठवडे येत राहते, म्हणून परत ताप आला तर काचपट्टीच करायला सांगा. फॅल्सिपेरम निघाला तर आर्टेसुनेटची जोड-औषधं आहेत. गंभीर रुग्णालाही आता आधी आर्टेसुनेटचं इंजेक्शन देतात, क्विनाइन ते नसेल तेव्हा.

आणि तो कामावरून सत्तरी-दोडामार्गाच्या रानातून येत-जात असेल तर ते डॉक्टरांना मुद्दाम सांगा. त्या पट्ट्यात माकडताप आहे. त्यालाही जोराचा ताप आणि अंगदुखी असते, पण तो विषाणूचा, कोयनेल त्याला लागूच नाही.

खलबत्ता_निपाणी:
एक भर. डॉक्टरांनी क्विनाइन दिलंच तर उपाशीपोटी घेऊ नये. पोटात जळजळतं, आणि त्यानं इन्सुलिन वाढून साखर उतरते, गरोदर बायकांत जास्तच. दरदरून घाम, थरथर किंवा गुंगी आली तर ताप उतरला असं समजून झोपू देऊ नका, लगेच साखर तपासा. अर्ध्या तासाच्या आत उलटी झाली तर पूर्ण डोस परत. अॅल्युमिनियम-मॅग्नेशियमचं अँटासिड सोबत नको, औषध नीट शोषलं जात नाही. डिगॉक्सिन किंवा वॉरफरिन चालू असेल तर ते आधीच सांगा.