मदत हवी आहे: व्हायव्हाआधी परीक्षकांची धास्ती

पुढच्या आठवड्यात माझा पीएच.डी.चा व्हायव्हा, म्हणजे प्रबंधावरची तोंडी परीक्षा आहे. विषय समाजशास्त्र, माणदेशातल्या मेंढपाळांचं स्थलांतर. 2022 च्या यूजीसी (विद्यापीठ अनुदान आयोग) नियमांप्रमाणे बाह्य परीक्षकांनी प्रबंध स्वीकारल्याशिवाय व्हायव्हा लागतच नाही, म्हणजे मोठा टप्पा पार पडलाय. हे डोक्याला पटतं, पोटातला गोळा मात्र जात नाही.

प्रत्यक्ष येणारे परीक्षक आकडेवारीवाले. अहवालात त्यांचं एकच वाक्य आहे, ‘नमुना निवड अधिक स्पष्ट करावी.’ म्हणजे कुणाकुणाशी बोलायचं ते कसं ठरवलं, हे सांगा. मी एका वाड्यावरच्या (मेंढपाळांच्या तळावरच्या) मेंढपाळाकडून पुढच्या वाड्याचा पत्ता घेत गेले; कायम फिरतीवर असलेल्या माणसांची यादी आणायची कुठून? उत्तर आहे माझ्याकडे. पण आरशासमोरसुद्धा ते बोलताना माफी मागितल्यासारखं वाटतं.

त्यात व्हायव्हा खुला. सासरेबुवा हौसेने येणार आहेत, त्यांना नको कसं म्हणू!

गाइड सर म्हणतात, ‘काही होत नाही गं.’ दीर्घ श्वास वगैरे करून झालं.

ज्यांचा झालाय त्यांनी सांगा: उत्तर येत नसेल तेव्हा नेमकं काय म्हणालात? परीक्षक मध्येच तोडायला लागले तर? आणि मित्रमैत्रिणींसमोर रंगीत तालीम केल्याने धीर येतो की भीती वाढते?