पावणेदोन वर्षांच्या नातीला दुपारी मोबाइलविना कसे रमवावे? (मदत हवी आहे)

नमस्कार मंडळी,

आम्ही बडोद्याचे, दांडिया बाजारातले. मुलगा आणि सूनबाई दोघेही नोकरी करतात आणि आजवर नातीला दिवसभर माझी पत्नीच सांभाळत असे. लेकीच्या बाळंतपणासाठी ती एप्रिलच्या अखेरीस पुण्याला गेली असून जुलै संपेपर्यंत परतणार नाही. त्यामुळे सकाळी ९ पासून संध्याकाळी ६ पर्यंत पावणेदोन वर्षांची नात आणि ६८ वर्षांचा मी, असे दोघेच घरात असतो. माझ्या उजव्या गुडघ्याची शस्त्रक्रिया झालेली आहे, म्हणून मला जमिनीवर बसता येत नाही. उत्तर देताना ही अडचण कृपया लक्षात घ्यावी.

पहिल्या आठवड्यात माझ्या हातून जे झाले ते आधी सांगतो. जेवताना ती तोंड उघडेना, म्हणून मी मोबाइलवर गाणी लावली. वाटीभर वरणभात दहा मिनिटांत संपला आणि मला वाटले, युक्ती सापडली. आठ दिवसांत ती गाणी लागल्याशिवाय घास घेईनाशी झाली आणि मोबाइल उचलून ठेवला की फरशीवर डोके आपटू लागली. नेहमीच्या तपासणीला नेले तेव्हा बालरोगतज्ज्ञांनी शांतपणे समजावले, की दोन वर्षांखालील मुलांना नातेवाइकांशी बोलण्याचा व्हिडिओ कॉल सोडला तर पडदा मुळीच दाखवू नये, असे भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेचेच सांगणे आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या मार्गदर्शनानुसार या वयाच्या मुलांची दिवसभरात मिळून किमान १८० मिनिटे हालचाल व्हावी, हेही त्यांनीच सांगितले. मोबाइलसमोर ती किती निश्चल बसते हे तोवर माझ्या ध्यानातच आले नव्हते, आणि आता ते आठवले की मन खाते.

संध्याकाळची मला चिंता नाही. ऊन उतरले की मुलगा तिला कमाटीबागेत नेतो आणि तिथे ती मनसोक्त पळते. सकाळही बाई स्वयंपाक करत असतात त्यांच्या मागे-पुढे करण्यात निघून जाते. प्रश्न आहे तो झोपेतून उठल्यानंतरचा, म्हणजे अडीच ते साडेपाचचा. या दिवसांत पारा चाळिशीच्या वर असतो, गच्चीवर पाऊल ठेववत नाही आणि वाड्यातली मुले सुट्टीत मामाकडे गेलेली आहेत.

आतापर्यंत सर्वांत उपयोगी पडले ते बटाटे. दोन टोपल्या खोलीच्या दोन टोकांना ठेवतो, एकीत दोन-तीन किलो बटाटे, दुसरी रिकामी. ती एकेक बटाटा दोन्ही हातांनी उचलून चालत नेते, टाकताना ‘गेला’ म्हणते आणि टोपली रिकामी झाली की माझ्याकडे पाहत थांबते, कारण आता आजोबांनी ‘संपले’ म्हणायचे असते. मग सगळे उलट दिशेने. मी झोपाळ्याच्या शेजारी खुर्चीवर असतो. (झोपाळ्यावर बसत नाही, कारण ती धावत आली तर फळीचा कोपरा नेमका तिच्या कपाळाशी येतो. दुपारी त्याच्या कड्या काढूनच ठेवतो.) हा खेळ पंचवीस मिनिटे चालतो आणि आठवडा झाला तरी तिला त्याचा कंटाळा आलेला नाही. आणलेली महागडी खेळणी मात्र पाच मिनिटांतच बाजूला पडतात, आणि दिवे लागणारी तर मी उचलूनच ठेवली, कारण त्यांतला चपटा गोल सेल लहान मुलाने गिळला तर अन्ननलिकेला दोन तासांतही गंभीर इजा होऊ शकते.

आपणांस विचारायचे आहे ते असे, की खुर्चीवर बसलेल्या माणसाला खेळवता येईल आणि मूल मात्र चालत, वाकत, उचलत राहील, असे आणखी कोणते खेळ आपल्या घरांत चालले? जेवणाची मोबाइलची सवय कोणी मोडली असेल तर कशी मोडली? आणि तिसरी अडचण अशी, की आजीचा व्हिडिओ कॉल आला की तिला मोबाइल दिसतो आणि कॉल संपताच गाण्यांसाठी आकांत सुरू होतो. आजीला तर नातीचा चेहरा रोज पाहायचा असतो. हे कसे जमवावे?

भर (सहा दिवसांनंतर): आपण सर्वांनी इतक्या आपुलकीने लिहिलेत, मनापासून आभार. आजीचा कॉल आता रात्री सूनबाईंच्या लॅपटॉपवर होतो, मोबाइल समोर येतच नाही, आणि आकांत थांबला. जेवणाबाबत भरवणे सोडून माझ्यासोबत तिलाही वेगळी ताटली द्यावी, ही सूचना पाळली. पहिले दोन दिवस तिने जवळजवळ काही खाल्ले नाही आणि ते पाहणे मला फार जड गेले, परंतु तिसऱ्या दिवशी तिने स्वतःच्या हाताने वरणात बुडवलेली अर्धी पोळी खाल्ली. फरशी पुसावी लागते, त्याचे काही नाही.

आपल्यापैकी काहींनी सुचवलेला, हरभरे आणि राजमा वाटीतून वाटीत ओतण्याचा खेळ मात्र मी करू शकणार नाही. दाणा घशात अडकला तर या गुडघ्यांनिशी मी वेळेत तिच्यापर्यंत पोहोचेन याची मला खात्री नाही. त्याऐवजी तिच्या तोंडात मावणार नाही, असे ओतण्याजोगे काही घरात असते का? पाण्याचा विचार केला, पण अगदी उथळ पाण्यातही लहान मूल बुडू शकते, म्हणून टब नको. सध्या चार ते पाच हा एकच तास अवघड जातो. बटाट्यांचा खेळ संपलेला असतो आणि ती दाराशी जाऊन चपला हातात घेऊन उभी राहते.